मोजली तर बत्तीसच भरली, तरी एक पोरगा डोंगरावर होता

प्रश्न विचारणारे सर नाशिकजवळच्या एका माध्यमिक शाळेत तीन वर्षांपूर्वी क्रीडाशिक्षक म्हणून लागले आहेत. मुख्याध्यापकांनी स्काऊट पथक त्यांच्या गळ्यात घातलंय आणि त्याच महिन्यात तालुक्याच्या खो-खो संघटनेनं ‘सहसचिव व्हा’ म्हणून गळ घातलीय. दोन्ही झेपेल का, आणि या कामात जन्म घालवलेल्या माणसाचं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं, असं त्यांनी विचारलंय.

सर, मी दोन्ही केलं. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली एकतीस वर्षं गळ्यात स्कार्फ, आणि बावीस वर्षं एका जिल्हा संघटनेत, आधी सहसचिव आणि मग सचिव. झेपतं. पण तुम्हाला वाटतंय तसलं हे काम नाही. नेतृत्व, चारित्र्य, उद्याचे नागरिक हे शब्द बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले असतात. आपल्या वाट्याला मोजणं येतं. पोरं मोजायची, मैदान मोजायचं, वय मोजायचं, पावत्या मोजायच्या. आणि बरोबर मोजूनही चूक कशी होते, ते मला अंजनेरीच्या डोंगरानं शिकवलं.

नोकरीला सात-आठ वर्षं झाली असतील. जुलैचा रविवार. गावातून पायऱ्यांच्या वाटेनं वर गेलो, पठारावरचं ते पावलाच्या आकाराचं तळं पोरांना दाखवलं, अंजनीमातेच्या देवळात डबे खाल्ले. उतरताना धुकं असं दाटलं की पुढच्याच्या पाठीवरची पिशवी दिसेना. पायथ्याशी येऊन रांग लावली, मोजली. बत्तीस. मी निर्धास्त होऊन एसटीची वाट बघायला लागलो. तेवढ्यात आठ पोरांच्या एका गटाचा संघनायक जवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, हा आपल्या शाळेचा नाहीये.” त्याच्या संघाच्या शेवटी निळं प्लास्टिक पांघरलेला एक मुलगा कुडकुडत उभा होता. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेची सहल वर होती, त्यातला. रांग दिसली म्हणून उभा राहिला होता बिचारा. पावसात सगळ्यांच्याच अंगावर प्लास्टिक, स्कार्फ कोणाचा दिसणार? आकडा बरोबर होता, माणूस चुकीचा होता. म्हणजे आमचा एक अजून वर होता.

तेव्हा मोबाइल नव्हते. मोठी दोन पोरं घेऊन मी परत चढलो, बाकीची बरोबरच्या शिक्षकांच्या हवाली केली. पाऊण तासानं सापडला. वाटेपासून दहा-बारा पावलांवर एका कातळाच्या आडोशाला बसला होता. शिट्टी फुंकत नव्हता, कारण शिट्टी फक्त संघनायकाकडे असेल हा माझाच नियम. ‘चुकलास तर जागेवरून हलू नकोस’ एवढं मात्र शिकवलं होतं, तेवढ्यावर निभावलं. त्या संध्याकाळी मी स्वतः त्याच्या घरी गेलो. पोरगा सांगणारच होता, पण आईनं ते आधी माझ्या तोंडून ऐकावं असं वाटलं. माउलीनं चहा दिला, एक शब्द बोलली नाही, आणि वर्षभर त्याला एकाही शिबिराला पाठवलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे आकडा मोजणं बंद झालं आणि नाव घेणं सुरू झालं. प्रत्येकाला जोडीदार, आणि हजेरीत स्वतःचं नाही, जोडीदाराचं नाव सांगायचं. शिट्टी सगळ्यांना. रांगेच्या सगळ्यात मागे एक मोठं माणूस, आणि त्याच्या मागे कोणी राहिलं तर तो गुन्हा त्या माणसाचा. धरणाच्या, नदीच्या पाण्याजवळ तर दर दहा मिनिटांनी जोडी लावायची. पोरं कंटाळतात, हसतात. हसू द्या.

आता यातली खरी गोष्ट बघा. चूक कोणी पकडली? मी नाही, चौदा वर्षांच्या संघनायकानं. बत्तीस मी मोजले, आठ त्यानं ओळखले. स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा वीसेक मुलं होती. श्रीमंतांच्या शाळांतली काही, कामगारांच्या घरची काही, सगळी मिसळून चार संघ केले होते. आपल्याकडेही पथक जास्तीत जास्त ३२ चं, संघ सहा ते आठ जणांचा. हा आकडा उगाच नाही. एका पोराला चेहऱ्यासकट, डब्यासकट, रुसव्यासकट जितकी पोरं ध्यानात राहतात, तितकाच संघ असावा. नवे स्काऊट मास्तर इथेच चुकतात. संघनायक नावाला नेमतात आणि शिट्टी स्वतःच्या गळ्यात ठेवतात. मग पोरगा फक्त झेंडा बांधायला आणि पाहुण्यांना सलामी द्यायला उरतो. त्याला स्वयंपाकाचं सामान आणायला पैसे द्या, हिशेब चुकू द्या, खिचडी करपू द्या. करपलेली खिचडी मी निदान दोनशे वेळा खाल्ली असेन. पोटाला काही होत नाही.

पालकांचं मात्र पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “सर, स्काऊटचा राज्य पुरस्कार मिळाला की दहावीला गुण किती?” चिडू नका. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान या पायऱ्या पोरगा गुणांसाठी चढला तरी गाठी बांधायला तर शिकतो. खरी कमाईच्या दिवसांत दारोदार जाऊन काम मागायला शिकतो. गंगापूर रोडच्या बंगल्यातला मुलगा शेजाऱ्याची गाडी धुऊन वीस रुपये घेऊन आला की त्याच्या तोंडावरचं तेज बघण्यासारखं असतं. एका आईनं “आमच्या मुलाला गाड्या धुवायला लावता?” म्हणून भांडण केलं होतं. वडिलांनी मागून खूण केली, लावा म्हणून.

या कामानं मला काय दिलं, तर एक प्रसंग सांगतो. २०१५ चा सिंहस्थ. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली होती, ते नाशिककरांच्या मनातून गेलेलं नव्हतं, त्यामुळे त्या वेळी बंदोबस्त कडक. आमचे रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाचे स्काऊट, हरवलेल्यांच्या तंबूत मदतीला. पहाटेपासून माणसं येत होती. मराठवाड्यातल्या एक आजी आल्या, नवऱ्याचा हात सुटलेला. लाउडस्पीकरवर पुकारायला नाव हवं, आणि आजी काही केल्या नवऱ्याचं नाव घेईनात. गाव सांगितलं, तालुका सांगितला, मालकांचं धोतर, टोपी, काठी सगळं सांगितलं, नाव विचारलं की पदर तोंडाला. पोलिसाचा आवाज चढला. आमचा सतरा वर्षांचा पोरगा आजींसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “आजी, नाव नका सांगू. उखाणा घ्या.” आजी हसल्या. म्हणाल्या, “गोदामाईच्या पाण्यात द्रोणात सोडली वात, अमुकरावांचं नाव घेते, गर्दीत सुटला हात.” आणि नाव मिळालं. ते तसंच माइकवर गेलं. तासाभरात आजोबा हजर, आल्या आल्या आजींवरच ओरडले. हे कुठल्या सोपानात शिकवतात? मी तर शिकवलं नव्हतं. मी फक्त त्याच्या आणि माइकच्या मधून बाजूला झालो होतो.

मेळ्यातली सेवा हे आपल्या स्काऊटिंगचं मूळच आहे म्हणा ना. १९०९ साली स्काऊटिंग भारतात आलं ते गोऱ्यांच्या मुलांसाठी, आपल्या पोरांना दार बंद. म्हणून ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला वेगळी संघटना काढली आणि अलाहाबादकडे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. सगळे प्रवाह मिळून ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली, गाईड्स पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला त्यात आल्या. यातले कुंझरू तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचे. शाळांमधल्या शारीरिक शिक्षणाच्या आणि शिस्तीच्या वेगवेगळ्या योजनांचा ताळमेळ घालायला केंद्र सरकारनं १९५९ मध्ये समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच होते. मैदान आणि स्काऊट पथक ही एकाच शाळेची दोन अंगणं आहेत, हे तेव्हाच कोणाला तरी दिसलं होतं. आपल्याकडे मात्र दोन्हीचे कागद वेगळ्या फायलीत आणि दोन्हीचा शिक्षक एकच.

आता संघटनेकडे येतो. इथली हवा वेगळी. पथकात तुम्ही दहा वर्षांच्या पोराला खुर्ची देत असता, संघटनेत साठ वर्षांचे लोक खुर्ची सोडत नाहीत. पण त्यावर रडण्याआधी मैदानावर या, कारण सहसचिवाचं पहिलं काम फक्की मारणं, म्हणजे मैदानाच्या रेषा आखणं.

मोजपट्टी स्वतः धरा. काटकोन डोळ्यानं काढू नका. दोरीला तीन, चार, पाच मीटरवर खुणा करून त्रिकोण ताणा, काटकोन आपोआप येतो. धावण्याच्या स्पर्धेत दरवर्षी एक भांडण ठरलेलं, स्टॅगरचं, म्हणजे बाहेरच्या लेनमधल्या पोराला किती पुढून सोडायचं याचं. पुस्तकात बघून शिक्षक दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर पुढे ठेवतात. तो आकडा आतल्या बाजूला उंच कठडा असलेल्या ट्रॅकसाठी आहे, तिथे पहिली लेन कठड्यापासून ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या रेषेपासून २० वर. आपल्या शाळेच्या मैदानावर कठडा कुठला, फक्कीची रेघ. तिथे पहिली लेनही २० वरच मोजायची. म्हणजे १.२२ मीटरची लेन असेल तर दुसरीला ७.६७, तिसरीला त्याच्या दुप्पट, असं सरळ. आणि मैदान २०० मीटरचं असो की ४०० चं, पूर्ण एका फेरीला हा आकडा बदलत नाही. मी हे पहिल्यांदा वहीवर मांडून पाहिलं तेव्हा गणिताच्या सरांना मुद्दाम दाखवायला गेलो होतो. तुम्हीही मांडून बघा. साठ-सत्तर सेंटिमीटरनं पोराचं विभागाचं तिकीट जातं, आणि ते आयुष्यभर तुमचं नाव विसरत नाही.

दुसरं काम कागद. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे कोणी सांगत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आज तुमच्या स्पर्धेत खेळलेला मुलगा आठ-दहा वर्षांनी पोलिस भरतीला उभा राहतो, प्रमाणपत्र लावतो, आणि ते पडताळणीला विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे जातं. तिथून संघटनेला विचारणा येते: हा मुलगा त्या वर्षी खरंच खेळला का? प्रवेशिका दाखवा, गुणपत्रक दाखवा, निकालपत्रक दाखवा. तेव्हाचा सचिव वारलेला, कपाट वाळवीनं खाल्लेलं, आणि पोरगा दारात उभा. खोट्या प्रमाणपत्रांनी इतका धुमाकूळ घातलाय की अधिकाऱ्यांना कडक व्हावंच लागतं, आणि त्यात खरा खेळलेला भरडतो. मी सचिव झालो तेव्हा आधीच्या अकरा वर्षांची गुणपत्रकं एका गोणीत होती. एक उन्हाळा त्यात गेला. वर्षवार बांधली, यादी केली, एक प्रत घरी माळ्यावर ठेवली. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात उपयोगी काम तेच, एकाही उद्घाटनाच्या फोटोत ते दिसत नाही.

वयाचं सांगतो. चौदा वर्षांखालच्या कबड्डीच्या सामन्यात एक मुलगा आला, गालावर वस्तरा फिरल्याच्या खुणा. कागद सगळे स्वच्छ. मी शाळेचं जनरल रजिस्टर मागवलं. मधे दोन वर्षं शाळा सुटली होती, दुसरीकडे नव्यानं नाव घातलं तेव्हा जन्मतारीखही नवी झाली होती. शाळेचं नाव घेत नाही. संघ बाद केला. प्रशिक्षक माझ्या अंगावर आले, मुलाचा बाप कोपऱ्यात जाऊन रडला. निर्णय आजही तोच देईन, कारण समोरच्या संघातल्या सात खऱ्या पोरांचं काय? पण तो निर्णय मी माइकवर, सगळ्यांसमोर दिला. मुलाला बाजूला घेऊन आधी सांगायला हवं होतं. तारीख त्यानं नव्हती बदलली. तो पुन्हा मैदानावर आला नाही. त्याला गुणलेखनाला बसवलं असतं, पंच केलं असतं, काहीही करता आलं असतं. हे मला सुचायला तीन-चार वर्षं लागली.

संघटनेच्या राजकारणावर फार शाई घालवत नाही. एकाच खेळाच्या दोन संघटना होतात, दोघेही स्पर्धा घेतात, आणि नंतर कळतं की एकाच्या प्रमाणपत्राला किंमत नाही. त्यामुळे होकार देण्याआधी तीन गोष्टी बघा: राज्य संघटनेची मान्यता, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आणि धर्मादाय आयुक्तांकडची परिशिष्ट एकची, म्हणजे संस्थेच्या नोंदीची, प्रत. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं दिलेला नसेल तर कागदावर अजून जुनेच लोक, त्यातले निम्मे देवाघरी, आणि सही तुमची. ‘सर, ते आपण बघून घेऊ’ असं कोणी म्हणालं तर तुम्ही घरी जा.

आणि मुलांच्या अंगाला हात लागेल असा प्रत्येक प्रसंग आधी विचारात घ्या. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, पण शहाणपण त्याहून जुनं. एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल एका तंबूत, एका गाडीत, एका खोलीत नाही. मुलींच्या संघाबरोबर बाई हव्यातच, “मी बापासारखा आहे” हे चालत नाही. तुमच्याबद्दल कोणाला शंका आहे म्हणून नव्हे. उद्या तुमच्या जागी येणाऱ्याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही म्हणून.

आपण पदाधिकारी स्वतःला खेळाडू घडवणारे समजतो, तेव्हा मी दत्तू भोकनळची आठवण काढतो. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव, बापाबरोबर विहिरी खणणारा पोरगा. फौजेत गेला, तिथे पुण्याला त्याच्या हातात वल्हं आलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा आला. त्याला फौजेनं ओळखलं, आपण नाही. उलट सावरपाड्याची कविता राऊत. पाड्यावरच्या त्या पोरीला नाशिकमध्ये चांगले प्रशिक्षक भेटले, २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूला आशियाई रौप्य. हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात चढ-उतारावर रोज शाळेला चालत जाणारी अजून किती असतील. तुमचा खो-खो संघ निवडायला कधी तिकडेही जा. स्पर्धा नाशकातच भरवली की एसटीचं भाडं नसलेली पोरं आपोआप निवडीतून बाद होतात, आणि आपण म्हणतो, प्रतिसाद कमी.

घरचं विचारलं नाहीत, पण तेच मोठं. मे महिना शिबिरात जातो, म्हणजे सगळ्या लग्नांना बायको एकटी. दिवाळीनंतर स्पर्धा, म्हणजे पगारातले दोन-तीन हजार पंचांच्या चहा-नाश्त्यात. आमच्या हिला एकदा कोणी विचारलं, सर कुठे आहेत? म्हणाली, “ज्यांची पोरं आहेत त्यांना विचारा.” माझ्या मुलीचं दहावीचं वर्ष मला नीट आठवत नाही, राज्य मेळाव्याची तयारी मात्र दिवसवार आठवते. हे अभिमानानं सांगत नाहीये. तुम्ही एक रविवार आत्ताच घरासाठी लिहून ठेवा, महिन्यातला दुसरा म्हणा, आणि त्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला तरी उचलू नका.

मग दोन्ही घ्यावं का? माझं मत: पथक आत्ता घ्या, संघटना दोन वर्षांनी. तोवर खो-खोवाल्यांना सांगा, पद नको, गुणलेखक म्हणून येतो. टेबलावर बसलात की कोण नियम जाणतो, कोण फक्त हार घालून घेतो, ते आपोआप कळतं. आणि सचिव व्हाल त्या दिवशी कोणाला तरी सहसचिव म्हणून शेजारी बसवून कपाटाची दुसरी किल्ली द्या. मी हे विसाव्या वर्षी केलं, पहिल्या वर्षी करायला हवं होतं. वीस वर्षं मला वाटत होतं की माझ्याशिवाय चालणार नाही. बाविसाव्या वर्षी सोडलं, पुढच्याच महिन्यात स्पर्धा झाली, वेळेवर झाली, आणि फक्की माझ्यापेक्षा सरळ पडली होती.

पथकाचं मूलभूत प्रशिक्षण लागेल त्याची चौकशी जिल्हा कार्यालयात करा. तोवर गाठी मी दाखवतो. रविवारी सकाळी सातला गोल्फ क्लबच्या मैदानाच्या फाटकाशी असतो मी, चालायला. येताना दोरी आणा, दोन मीटरची, बोटाएवढी जाड. सुती आणा, नायलॉनची गाठ सुटते.